इटलीचे जवान शांतिरक्षक होते तेव्हा

१९३४ च्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर आलेला असताना, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या सार नावाच्या कोळसापट्ट्यात चार देशांचे मिळून सुमारे ३,३०० सैनिक दाखल झाले. ब्रिटनचे दीड हजार, इटलीचे तेराशे, आणि स्वीडन व नेदरलँड्सचे अडीच-अडीचशेच्या घरात. त्यांना कोणाशी लढायचं नव्हतं. तिथे सार्वमत होतं आणि ते डोकी न फुटता पार पडावं, एवढंच त्यांचं काम. १३ जानेवारी १९३५ ला मतदान शांततेत झालं आणि फेब्रुवारी सरेपर्यंत हे सैनिक परत गेले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला इटलीची फौज ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसली. सारमध्ये ज्या लीग ऑफ नेशन्सच्या, आपल्याकडे ज्याला राष्ट्रसंघ म्हणतात त्याच्या वतीनं इटलीचे जवान पहारा देत होते, त्याच संघाच्या एका सभासद देशावर इटलीनं हल्ला केला. संघाला तो थांबवता आला नाही.

शाळेच्या पुस्तकात या अपयशाची कारणं दोन ओळींत येतात. संघाकडे स्वतःचं सैन्य नव्हतं आणि अमेरिका त्यात नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सारमध्येही संघाकडे स्वतःचं सैन्य नव्हतं आणि अमेरिका तेव्हाही बाहेरच होती, तरी तिथे जमलं. मग एकाच वर्षात एक काम जमतं आणि दुसरं फसतं, याचं कारण या दोन ओळींच्या पलीकडे शोधायला हवं.

कागदावर काय होतं

राष्ट्रसंघ १० जानेवारी १९२० ला सुरू झाला. त्याचा करारनामा २६ कलमांचा, आणि ही कलमं व्हर्सायच्या तहाच्या अगदी सुरुवातीलाच छापलेली. म्हणजे हरलेल्या जर्मनीच्या दृष्टीनं संघ हा पहिल्या दिवसापासून जेत्यांच्या तहाचा भाग होता.

कलम १० प्रमाणे सभासदांनी एकमेकांच्या भूमीचं बाहेरच्या आक्रमणापासून रक्षण करायचं. कलम १६ प्रमाणे जो सभासद करार मोडून युद्ध करेल त्याच्याशी बाकी सगळ्यांनी व्यापार, कर्ज, दळणवळण ताबडतोब तोडायचं. सैन्य पाठवण्याबद्दल मात्र कौन्सिलनं, म्हणजे मोजक्या देशांच्या कार्यकारी मंडळानं, फक्त शिफारस करायची, पाठवायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. १९२१ मध्ये तर आर्थिक बहिष्काराची धारही बोथट झाली. करार मोडला गेला आहे की नाही, हे प्रत्येक देशानं आपापलं ठरवावं, असा अर्थ संघाच्या सर्व सभासदांच्या सभेनंच लावून घेतला.

त्यात कलम ५ होतं. महत्त्वाचा निर्णय एकमतानंच. आणि कौन्सिलच्या कायम सभासदांत ब्रिटन, फ्रान्स यांच्याबरोबर इटली आणि जपानही बसलेले. सोसायटीत पार्किंग अडवून बसलेल्या सभासदाविरुद्धच्या ठरावावर त्याचीच सही लागावी, तसला हा प्रकार. कलम १५ खाली तक्रार गेली तर भांडणाऱ्या पक्षांची मतं सोडून निर्णय करता यायचा, पण तो रस्ता लांबचा होता.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीच हे सगळं रेटलं होतं. त्यांच्याच सिनेटनं तह आधी नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि मग मार्च १९२० मध्ये फेटाळला. दुसऱ्या वेळी ४९ मतं बाजूनं, ३५ विरुद्ध. साधं बहुमत होतं, पण दोन-तृतीयांशाला सात मतं कमी पडली.

भारत मात्र संस्थापक सभासद होता, आणि तोही पारतंत्र्यात असताना! व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीनं सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. पुढे १९३७ मध्ये संघाच्या सभेचे अध्यक्ष झाले ते आगाखान, ज्यांच्या पुण्यातल्या वाड्यात पाच वर्षांनी गांधीजींना डांबलं गेलं. भारताचं मत कोणाच्या सांगण्यावरून पडायचं हे सांगायला नकोच.

छोट्यांना दंड, मोठ्यांना वेळ

संघ अगदीच निकामी होता, असं म्हणणं अन्याय होईल. १९२१ मध्ये आलांड बेटांवरून स्वीडन आणि फिनलंड यांच्यात पेटलेलं भांडण त्यानं मिटवलं. १९३३-३४ मध्ये पेरू आणि कोलंबिया ॲमेझॉनच्या काठावरच्या लेतिसिया गावावरून भांडत होते, तेव्हा ते गाव वर्षभर संघानंच चालवलं. बंदोबस्ताला सैनिक कोलंबियाचेच होते, फक्त त्यांच्या दंडावर संघाची पट्टी बांधली होती. दोन्ही बाजूंची अब्रू राखून मधला काळ काढायचा, ही युक्ती तिथे लागू पडली.

पण ग्रीसला आलेले दोन अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट १९२३ मध्ये ग्रीस-अल्बानिया सीमेची आखणी करणाऱ्या पथकातला इटालियन जनरल तेलिनी मारला गेला. मारेकरी कोण ते कळलं नाही. मुसोलिनीनं ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या आणि बेट ताब्यात घेतलं. ग्रीस संघाकडे गेला. प्रकरण संघाच्या हातून निसटून जेत्या राष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेकडे गेलं, आणि ज्याच्या बेटावर तोफा पडल्या त्या ग्रीसलाच ५ कोटी लिरा भरावे लागले.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२५ मध्ये, सीमेवर एक ग्रीक सैनिक मारला गेला म्हणून ग्रीसची फौज बल्गेरियात घुसली. म्हणजे मुसोलिनीनं केलं तेच ग्रीसनं केलं. या वेळी कौन्सिल तातडीनं बसली, फौज मागे घ्यायला लावली आणि ग्रीसला ४५,००० पौंड भरपाई ठोठावली. ग्रीसनं पहिल्यांदा मार खाल्ला तेव्हा पैसे भरले आणि दुसऱ्यांदा मार दिला तेव्हाही भरले. इटली मोठी होती, ग्रीस छोटा होता. पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्याची सगळी बीजं मला या दोन निकालांत दिसतात.

मुकदेनचा रूळ

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियात मुकदेन शहराजवळ जपानी मालकीच्या रेल्वेच्या रुळाखाली स्फोट झाला. नुकसान इतकं किरकोळ की थोड्याच वेळात त्याच रुळावरून गाडी गेली. स्फोट जपानच्या क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनीच घडवला होता. आळ चीनवर टाकला आणि मंचुरिया घ्यायला सुरुवात केली.

चीननं दाद मागितली ती कलम ११ खाली, जिथे एकमत लागायचं. २४ ऑक्टोबरला कौन्सिलमध्ये ठराव आला: १६ नोव्हेंबरपर्यंत जपाननं फौज मागे घ्यावी. बाजूनं १३, विरुद्ध एक. तो एक जपान. कायद्याच्या दृष्टीनं ठराव बारगळला.

मग चौकशी आयोग नेमायचं ठरलं. गंमत म्हणजे ही सूचना जपानचीच. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिटन, बंगालचे माजी गव्हर्नर आणि सिमल्यात जन्मलेले. १८७८ मध्ये देशी वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आणणाऱ्या व्हाइसरॉय लिटनचे हे चिरंजीव. माणूस नेक होता. पण आयोग अटलांटिक ओलांडून, अमेरिका पार करून, टोकियोमार्गे प्रत्यक्ष मंचुरियात पोहोचला तो एप्रिल १९३२ मध्ये. तोवर तिथे मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभं राहिलं होतं आणि चीनच्या पदच्युत बादशहाला, पुयीला, त्याच्या प्रमुखपदी बसवलंही होतं. अहवाल ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला, आणि २४ फेब्रुवारी १९३३ ला सभेनं तो ४२ विरुद्ध १ मतानं स्वीकारला. जपानचे प्रतिनिधी मात्सुओका सभागृहातून निघून गेले आणि महिन्याभरात जपाननं संघ सोडण्याची नोटीस दिली. स्फोटापासून सतरा महिने गेले होते.

कलम १६ का वापरलं नाही? कारण ते ‘युद्ध’ केल्यावर लागू व्हायचं, आणि जपाननं युद्ध पुकारलंच नव्हतं. टोकियोच्या भाषेत ती ‘घटना’ होती. पण ही झाली वकिली. खरी गोष्ट अशी की स्फोटानंतर तीनच दिवसांनी ब्रिटननं पौंडाला सोन्याशी बांधून ठेवणारं सुवर्णमानक सोडलं. जागतिक मंदीनं तिजोऱ्या रिकाम्या होत्या. मंचुरियासाठी जपानी आरमाराशी दोन हात करायची तयारी लंडनमध्ये कोणाचीच नव्हती.

सारमध्ये जमलं ते का

सारचा पट्टा व्हर्सायच्या तहानं पंधरा वर्षं संघाच्या कारभाराखाली ठेवला होता. खाणी फ्रान्सला दिल्या होत्या, कारण जर्मनांनी उत्तर फ्रान्समधल्या खाणी उद्ध्वस्त केल्या होत्या. पंधरा वर्षांनी लोकांनी कौल द्यायचा: जर्मनी, फ्रान्स की संघाचा कारभार चालू ठेवायचा.

१९३४ मध्ये तिथे नाझींच्या धाकदपटशाला ऊत आला. कारभार पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष जेफ्री नॉक्स यांच्याकडे पुरेसे पोलीस नव्हते. गडबड झाली तर फ्रान्स एकट्यानं सैन्य घुसवणार आणि त्यातून मोठा भडका उडणार, ही भीती होती. डिसेंबरात ब्रिटनचे अँथनी ईडन यांनी जाहीर केलं की जर्मनी आणि फ्रान्स दोघांची संमती असेल तर ब्रिटन सैनिक देईल. दोघांनीही होकार दिला.

हिटलरनं होकार दिला कारण तो जिंकणार हे त्याला ठाऊक होतं. (जर्मनीच्या बाजूनं नव्वद टक्क्यांहून जास्त मतं पडली.) फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लावाल यांनाही सार परत नकोच होता, हा काटा एकदाचा निघावा अशीच त्यांची इच्छा होती. म्हणजे निकाल काय लागणार आणि तो सगळ्यांना चालणार, हे आधीच ठरल्यासारखं होतं. सैनिकांना फक्त मधले काही आठवडे सांभाळायचे होते. ते त्यांनी चोख सांभाळले. तरीही या यशाच्या कथेत एक कडू घोट आहे. १ मार्च १९३५ ला सार जर्मनीला सुपूर्त झाला आणि तिथल्या नाझीविरोधकांना, ज्यूंना जीव मुठीत धरून फ्रान्सची वाट धरावी लागली.

संघाला सैनिक मिळत नव्हते, हे कारण निदान इथे तरी खोटं ठरतं. १९२० मध्ये व्हिल्नियस शहरावरून पोलंड आणि लिथुआनिया भांडत होते तेव्हाही असंच सार्वमतासाठी अनेक देशांचं पथक पाठवायचं ठरलं होतं. पण पक्षांचं मन नव्हतं, आणि संघाचं मुख्यालय ज्या देशात, त्या स्वित्झर्लंडनंच आपली तटस्थता पुढे करून पथकाला वाट नाकारली. पथक कधी निघालंच नाही. मामला सैनिकांच्या संख्येचा नव्हता, भांडणाऱ्यांच्या मर्जीचा होता.

गाढवांवर बंदी, तेल मोकळं

मलिक अंबर ज्या मुलखातून दख्खनेत आला तो हबसाण म्हणजेच हा ॲबिसिनिया. आफ्रिकेतला जवळजवळ एकमेव देश, जो युरोपीय सत्तेच्या टाचेखाली गेला नव्हता. १८९६ मध्ये अडोवाच्या लढाईत त्यानं इटलीला सपाटून हरवलं होतं, आणि तो सल इटलीच्या मनात होता. १९२३ मध्ये तो संघाचा सभासद झाला, तेव्हा त्या ठरावाला इटलीचाही पाठिंबा होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल इथल्या विहिरींपाशी इटालियन आणि ॲबिसिनियन सैनिकांची चकमक झाली. सारमधलं मतदान झालं त्याच महिन्यात सम्राट हैले सेलासी संघाकडे दाद मागत होते. संघानं लवाद नेमला, समित्या नेमल्या. मुसोलिनीनं त्या काळात सुएझ कालव्यातून जहाजंच्या जहाजं भरून फौज पूर्व आफ्रिकेत नेली. तो थांबला होता फक्त तिथला पावसाळा संपायची वाट पाहत. हल्ला कधी होणार हे सगळ्या युरोपला माहीत होतं.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते सर सॅम्युअल होअर. आपल्याला हे नाव अनोळखी नाही. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी विभक्त मतदारसंघांविरुद्ध प्राण पणाला लावण्याचा इशारा दिला तो याच होअरना, तेव्हा ते भारतमंत्री होते. ११ सप्टेंबर १९३५ ला जिनिव्हात संघाच्या सभेत त्यांनी दणदणीत भाषण केलं, आक्रमणाचा सगळ्यांनी मिळून ठाम प्रतिकार करायला ब्रिटन तयार आहे म्हणून. जग भारावलं. पण त्याच्या आदल्याच दिवशी होअर आणि लावाल यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की सुएझ बंद करायचा नाही, नाकेबंदी नाही, इटलीशी युद्ध होईल असं काहीच करायचं नाही. पुढे लावालनीच हे फ्रेंच संसदेत सांगून टाकलं.

हल्ला झाल्यावर संघ चक्क झटपट हलला. चार दिवसांत कौन्सिलनं इटलीला आक्रमक ठरवलं. पन्नासएक देशांनी निर्बंधांना होकार दिला आणि १८ नोव्हेंबरपासून ते लागू झाले. शस्त्रं बंद, कर्ज बंद, इटलीचा माल घेणं बंद. इटलीला विकायचं नाही अशा वस्तूंत रबर, कथील, ॲल्युमिनियम होतं, आणि घोडे, खेचरं, गाढवं, उंटही होते. तेल नव्हतं. कोळसा आणि पोलादही नव्हतं. लॉऱ्या, रणगाडे आणि विमानं घेऊन आलेल्या फौजेला गाढवं मिळणार नाहीत, याची तेवढी काळजी घेतली गेली.

तेल का नाही, यावर उत्तर तयार होतं: अमेरिका संघात नाही, ती विकतच राहील. हे कारण खरंही होतं, सोयीचंही होतं. ब्रिटिश आरमाराला भूमध्य समुद्रात एकही मोठं जहाज गमवायचं नव्हतं, कारण पूर्वेला जपान टपलेला होता. फ्रान्सला हिटलरविरुद्ध इटली आपल्या बाजूला हवी होती. सुएझबद्दल १८८८ च्या कराराचा दाखला दिला जायचा, की कालवा युद्धातही सर्वांना खुला ठेवायचा असतो. त्याचा अर्थ इटालियन फौज टोल भरून निवांत पलीकडे जात राहिली. १९३८ मध्ये मुसोलिनी हिटलरजवळ म्हणाला होता की तेलावर बंदी आली असती तर आठवड्याभरात मला ॲबिसिनियातून माघार घ्यावी लागली असती. दुभाष्या श्मिटनं ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

त्यात मुसोलिनीचा एक टोला ब्रिटन-फ्रान्सच्या वर्मी बसायचा: तुम्ही अर्धं जग गिळून बसलात, मी एक देश घेतला तर एवढा आरडाओरडा कशाला? बोलणारा लबाड होता, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या दोघांकडे नव्हतं.

डिसेंबरात होअर आणि लावाल पॅरिसला भेटले आणि ॲबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देऊन प्रकरण मिटवायचा बेत त्यांनी आखला. फ्रेंच वर्तमानपत्रांनी तो फोडला. ब्रिटनमध्ये नुकतीच निवडणूक झाली होती, तीही राष्ट्रसंघाच्या पाठीशी उभं राहण्याच्या वचनावर. लोक इतके खवळले की १८ डिसेंबरला होअरना राजीनामा द्यावा लागला. पण निर्बंधांतला उरलासुरला दमही त्याबरोबर गेला. तिकडे इटालियन विमानं मस्टर्ड वायू फवारत होती, ज्याच्यावरच्या बंदीच्या करारावर इटलीची सही होती. ७ मार्च १९३६ ला हिटलरनं ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जिथे सैन्य ठेवायला मनाई होती त्या जर्मनीच्याच पश्चिम पट्ट्यात, सैन्य घुसवून तिथल्या सीमांची हमी देणारा लोकार्नोचा करार मोडला. त्या कराराचे जामीनदार दोन, ब्रिटन आणि इटली. आता फ्रान्स इटलीला दुखवणार तरी कसा? तेलाचा विषय तिथेच संपला.

५ मे ला आदिस अबाबा पडलं. ३० जूनला हैले सेलासी जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. ते बोलले, सगळ्यांनी ऐकलं, आणि जुलैमध्ये निर्बंध उठवले गेले.

जे काम तेल बंद करून होऊ शकलं असतं, ते १९४१ मध्ये रक्त सांडून करावं लागलं. इटालियन एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या लढाईत चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती, आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. ५ मे १९४१ ला, बरोबर पाच वर्षांनी, हैले सेलासी आदिस अबाबात परतले.

त्यानंतरची कारकुनी

चेकोस्लोव्हाकियाचा घास घेतला गेला तेव्हा संघाला कोणी विचारलंही नाही. जपान, जर्मनी, इटली यांना संघानं कधी काढलं नाही, ते आपणहून गेले. हकालपट्टी झाली ती एकाच देशाची: फिनलंडवर हल्ला केला म्हणून सोव्हिएत रशियाची, डिसेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध पेटून साडेतीन महिने झाल्यावर. एप्रिल १९४६ मध्ये संघ रीतसर विसर्जित झाला.

संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिणाऱ्यांसमोर हा सगळा पट होता. एकमताची अट त्यांनी काढली आणि सुरक्षा परिषदेचे निर्णय सर्वांवर बंधनकारक केले. पण पाच बड्यांना नकाराधिकार दिला. कोर्फूपासून जे उघड दिसत होतं, की मोठ्या सत्तेविरुद्ध कोणी उठत नाही, ते त्यांनी सरळ नियमातच घालून टाकलं. सभासदांनी आपल्या फौजा आधीच परिषदेच्या हवाली करून ठेवाव्यात, असं सनदेचं कलम ४३ सांगतं. त्याखालचा एकही करार आजवर झालेला नाही. शांतिसेना उभ्या राहतात त्या दर वेळी नव्यानं, देशादेशांकडे सैनिक मागून, आणि बहुतेक वेळा भांडणाऱ्यांची संमती घेऊनच.